मागणी आणि माणुसकी

दरवर्षी 1 नोव्हेंबरला बेळगाव शहरात लाल-पिवळे ध्वज घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिन पाळून निषेध फेरी काढतात. 1956 साली राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडला गेला, तेव्हापासूनची ही सल आहे. या सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने ती मिटली नाही, आणि हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून 2004 साली महाराष्ट्राने दाखल केलेल्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून अजून लागायचा आहे.

डिसेंबर 2022 मध्ये हा वाद पुन्हा रस्त्यावर आला. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले आणि सीमेवरच्या एसटी फेऱ्या थांबल्या. ट्रकची काच फुटते तेव्हा आत बसलेला चालक घरी कोणत्या भाषेत फोन करतो, याची चौकशी दगड मारणाऱ्याने केलेली नसते.

नद्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. महाराष्ट्रातून येणारी कृष्णा उन्हाळ्यात आटली, की कोयना आणि वारणेच्या धरणांतून पाणी सोडावे अशी विनंती कर्नाटकातून होते. पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरला पुराची धास्ती लागली, की तिकडच्या अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवा म्हणून महाराष्ट्र कर्नाटकाला साकडे घालतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी जसे सांगली-कोल्हापुरात शिरले, तसेच बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतही शिरले. त्या दिवसांत होडीत आधी कोणाला घ्यायचे याचा क्रम पोरे, बाळंतिणी आणि म्हातारी माणसे असाच लागला. पूरग्रस्तांच्या जेवणाखाण्याची सोय केलेल्या गंजी केंद्रांत एका पंगतीला बसलेल्यांची मातृभाषा विचारून कोणी ताटात भात वाढला नाही.

अर्थात, पूर आल्यावर माणसे चांगली वागतात यात फारसे नवल नाही. सौहार्दाच्या सभांमध्ये अशा आठवणी सांगून टाळ्याही मिळतात, आणि सभा संपताना मराठी माणसाने आता जुने विसरावे असा सूर हळूच लावला जातो. तो आम्हाला पटत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी सोयी करण्याची जबाबदारी संविधानाच्या 350अ या अनुच्छेदाने राज्यांवर टाकली आहे; आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता यावा, ही अपेक्षाही काही अवाजवी नाही. शेजाऱ्याशी नीट वागण्यासाठी यातले काहीही सोडावे लागत नाही. उलट, मागणी वर्षानुवर्षे ताटकळत असताना तोंडात कडवटपणा येऊ न देणे अवघड असते, आणि ते ज्यांना साधते अशी माणसे या भागात पुष्कळ आहेत. त्यांची बातमी होत नाही, एवढेच.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचेच पाहा. कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देणारे हे गृहस्थ कन्नड भाषक आहेत. समोर बसलेल्या आज्जी जांबोटीकडच्या एका खेड्यातून सकाळच्या बसने आल्या आहेत. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आहे आणि आज्जींना कन्नड बोललेले कळते, वाचता येत नाही. गृहस्थ ओळीखाली बोट फिरवत सर्व्हे नंबर, क्षेत्र, पिकाचा रकाना असे एकेक मराठीत सांगत जातात आणि एका ठिकाणी थांबतात.

“आज्जी, तुझ्या मालकाच्या नावातला ‘आप्पा’ राहिलाय बघ. आता गप्प बसलीस तर वारसा लावताना अडवतील. दुरुस्तीचा अर्ज आत्ताच देऊया.”

अर्ज लिहून होतो. लिहिलेला मजकूर ते पुन्हा मराठीत वाचून दाखवतात, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारतात. आज्जी कनवटीचे पैसे काढतात. ते त्यातली एकच नोट घेतात आणि बाकीचे परतीच्या तिकिटाला ठेव म्हणतात.

आज्जी कागदाची घडी पिशवीत ठेवता ठेवता म्हणतात, “तू लई गुणाचा हाईस बाबा. पर सरकारनं हेच मराठीत दिलं असतं, तर माझं मीच वाचलं असतं की.”

“द्यायलाच पाहिजे की,” गृहस्थ हसत पेनाला टोपण लावतात. “माझं गिऱ्हाईक तेवढं कमी होईल.”