चढ कुठं आहे ते हातगाडीवाल्याला विचारा

नमस्कार श्रोतेहो. आज मी रस्त्यावर बोलणारे. खड्ड्यांवर नाही, खड्ड्यांवर सगळेच बोलतात. मी बोलणारे घरून कामाला सायकलने जायचं असेल तर कमी चढाचा आणि जिवाला घोर नसलेला रस्ता कसा शोधायचा त्याच्यावर, कारण तो शोधायला मला चार महिने लागले आणि तुम्हाला तेवढे लागू नयेत असं मनापासून वाटतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं मराठवाडा म्हणजे सपाट काळं रान, नजर जाईल तिथपर्यंत. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरात सायकल चालवून बघा. दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर (सातारा जिल्हा नव्हे, शहराला लागून असलेलं आपलं सातारा), उत्तरेला लेण्यांचा डोंगर, गोगाबाबा टेकडी, हनुमान टेकडी, आणि मधून खाम अन् सुखना या नद्या गेल्यात त्यांच्या दोन्ही अंगाला उतार. जालना रोडवरच्या एका भागाचं नावच सेव्हन हिल आहे. स्कूटीवर असताना हे काहीच जाणवत नाही, मनगट थोडं पिळलं की झालं. सायकलवर मात्र प्रत्येक उंचवटा मांडीला कळतो.

माझं घर देवळाई परिसरात आणि काम विद्यापीठाच्या बाजूला, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. लेकीचं कॉलेज सुरू झालं आणि स्कूटी तिच्याकडे गेली. घरात तिचीच शाळेतली सायकल पडून होती, बिनगिअरची, ती मी मिस्त्रीकडून नीट करून घेतली, टायर-ट्यूब बदलली, ब्रेकचे रबर बदलले आणि एका सोमवारी निघाले. फोनवर रस्ता लावला तर त्याने सगळ्यात जवळचा दाखवला, शिवाजीनगर, गारखेडा, क्रांती चौक, औरंगपुरा, घाटी दवाखाना आणि पुढं विद्यापीठ. साधारण दहा किलोमीटर. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा पाय थरथरत होते आणि दहा मिनिटं कोणाशी बोलता येत नव्हतं. मला वाटलं वय झालं, सवय नाही, होईल हळूहळू. पण तीन आठवडे झाले तरी तेच.

मग लक्षात आलं की त्या रस्त्याने मी चढ दोनदा चढत होते. आधी शहराच्या मधल्या उंचवट्यावर चढायचं, मग तिकडून खाम नदीकडे उतरायचं, म्हणजे कमावलेली उंची सगळी घालवायची आणि नदी ओलांडली की विद्यापीठाकडं पुन्हा पहिल्यापासून चढायचं. घर आणि ऑफिस यांच्या उंचीत जो फरक आहे तो आहेच, तो कोणाला चुकत नाही, पण मधे किती वेळा उतरून पुन्हा चढायचं हे मात्र आपल्या हातात असतं. फोन किलोमीटर आणि मिनिटं मोजतो, तेही गाडीच्या हिशोबाने.

थोडं गणित सांगते, कंटाळू नका. मी, सायकल, डबा आणि बॅग मिळून ८५ किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला शरीराला साधारण ५० वॉट ताकद लागते. आता १०० मीटर लांबीत ४ मीटर वर जाणारा रस्ता घ्या, म्हणजे ४ टक्के चढ, दिसायला काहीच नाही, पण तिथं वेग ताशी १० वर आणला तरी ११० वॉटच्या पुढं लागतात. वेग कमी करूनही मेहनत दुपटीहून जास्त! आणि रोजच्या रस्त्यात असे सगळे चढ मिळून ६० मीटर भरत असतील तर तुम्ही रोज सायकल घेऊन वीस मजली इमारत चढताय असं समजा. म्हणून मी म्हणते की दीड-दोन किलोमीटर जास्त चालतील पण फुकटचा चढ नको.

आता जिवाची गोष्ट. चढ आणि धोका एकाच जागी असतात हे मला एका पुलावर कळलं. देवळाईकडून शहरात यायचं तर रेल्वेलाइन ओलांडावीच लागते, आणि ओलांडायची म्हणजे उड्डाणपूल चढा नाहीतर भुयारी मार्गात उतरून परत वर या. पुलाच्या चढावर सायकल हळू होते, हळू झाली की हॅन्डल डुगडुगतं, आणि नेमकं तिथंच मागच्या गाड्या चढ म्हणून अॅक्सिलेटर वाढवतात. सायकलचा वेग ८, गाडीचा ५०, आणि बाजूला सरकायला कठडा सोडून काही नाही. एका सकाळी एका गाडीचा आरसा माझ्या हॅन्डलला घासून गेला. पडले नाही मी, पण पूल उतरून बाजूला थांबले आणि बराच वेळ नुसती उभी होते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. तो आकडा मी आधी वाचलेला होता, त्या दिवशी तो अंगावर आला.

सायकल सोडून द्यायचा विचार चालू होता तेव्हाच एक गोष्ट घडली. आमच्या भागात एक भाजीवाले काका हातगाडी घेऊन येतात, साठीच्या घरातले असतील. मला घामाघूम येताना त्यांनी दोन-तीनदा बघितलेलं. एक दिवस मेथीची जुडी देता देता म्हणाले, "ताई, तुमी तिकडून काहून जाता, तिकडं लई चढ हाय. मी तर भरली गाडी तिकडून कधीच नेत नाही." आणि मग त्यांनी बोटाने हवेतच नकाशा काढला, कोणत्या गल्लीतून निघायचं, कुठं वळायचं, कोणत्या शाळेच्या मागून गेलं की रस्ता सरळ लागतो. दीडशे-दोनशे किलोचा माल ढकलत रोज फिरणारा माणूस, त्याच्या पायाला शहराचा उंचसखलपणा असा माहिती असतो की कोणत्याही नकाशात तो सापडायचा नाही.

तेव्हापासून मी विचारायलाच लागले. भंगारवाले, पाण्याचे जार सायकलला अडकवून नेणारे, तीनचाकी पायडल रिक्षावर सामान वाहणारे, जुने सायकलवरचे दूधवाले. प्रत्येकाचा आपला एक रस्ता ठरलेला होता, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या रस्त्याच्या एक-दोन गल्ल्या आत होता.

आणि सपाट रस्ता ओळखायचा एक आधार म्हणजे पाणी. आपलं शहर तर पाण्याच्या उतारावरच वसलेलं आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच आपलं शहर, वसवलं आणि मग शहराच्या उत्तरेकडून जमिनीखालून नहर आणली, पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उताराच्या हिशोबाने पाणी शहरभर फिरवलं. पाणचक्कीचं पाणी असंच डोंगराकडून आलेलं. उतार जरा चुकला असता तर पाणी तिथंच थांबलं असतं. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी जमिनीचा कल एवढा बारीक ओळखला त्यांच्या शहरात आपण चढ बघून धापा टाकतो याचं मला खरंच वाईट वाटतं. तर नदीच्या कडेने जाणारा रस्ता सापडला तर तो आधी बघा, नदी जेवढी हळूहळू उतरते तेवढ्याच हळूहळू तो रस्ता चढतो. आणि दुसरा आधार रेल्वेचा. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी असते म्हणून रूळ टाकताना चढ अगदी मंद ठेवतात. बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, म्हणजे तीन टक्केही नाही, तरी तिथं गाडीला जास्तीची इंजिनं लावावी लागतात! त्यामुळे रुळाला समांतर, रुळाच्याच पातळीवर जाणारा रस्ता मिळाला तर तो सपाटच असणार हे धरून चाला.

तर माझा रस्ता आता असा आहे. देवळाईतून बायपासवर न चढता आतल्या वसाहतींमधून पश्चिमेला साताऱ्याकडे सरकायचं, महानुभाव आश्रमाच्या चौकात बायपास ओलांडायचा, पैठण रोडने रेल्वे ओलांडून स्टेशनजवळ यायचं. मग पदमपुरा-कोकणवाडीच्या आतल्या रस्त्यांनी बाबा पेट्रोल पंपापर्यंत. तिथून क्रांती चौकाकडे अजिबात वळायचं नाही, छावणीत, म्हणजे लष्करी भागात, शिरायचं. छावणीचे रस्ते म्हणजे माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग आहे, मोठी जुनी झाडं, सावली, गाड्या कमी आणि हळू. पुढं खामचा आधार धरून मिलिंद कॉलेज, नागसेनवन आणि विद्यापीठ. शेवटचा चढ आहेच, तो मी नाकारत नाही, पण तो एकदाच आहे आणि तिथं पोचेपर्यंत पायात जीव शिल्लक असतो. अंतर दीड-दोन किलोमीटरने वाढलं, वेळ वाढला फक्त पाच मिनिटं, आणि आरशाचा धक्का बसल्यापासून जी भीती होती ती बरीच गेली.

पूर्ण नाही गेली, हेही सांगते. बाबा पेट्रोल पंपाचा चौक मी आजही सायकल हातात धरून पायी ओलांडते. त्यात लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही, चार मिनिटं जातात, जाऊ देत.

संध्याकाळचा रस्ता वेगळा असू शकतो हे मला फार उशिरा समजलं. सकाळी जो चढ तो संध्याकाळी उतार, म्हणजे उलट सोपं असं वाटतं, पण उतारावर ब्रेक, खडी आणि आडवं येणारं कुत्रं हा वेगळाच विषय आहे. शिवाय हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. सकाळी छान वाटणारी शांत गल्ली अंधारात बाईमाणसाला तशी वाटत नाही, मैत्रिणींनो तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून येताना मी मधला थोडा भाग दुकानांच्या रस्त्याने येते, गर्दी असते पण गर्दीत गाड्या हळू असतात, दिवे असतात, माणसं असतात. जिथं पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथं गाड्यांचा वेग ताशी ३० च्या वर नसावा असं २०२० च्या स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत ठरलंय. आपल्याकडं तशी पाटी दिसेल तेव्हा दिसेल, पण आपला रस्ता निवडताना हा आकडा लक्षात ठेवा, गाड्या तिसाच्या आत चालतात तो रस्ता आपला.

नवा रस्ता आजमावायचा तो रविवारी सकाळी, कामावर जायची घाई नसताना, जाऊन आणि येऊन दोन्ही बाजूंनी. कुठं पायडल थांबवल्यावर सायकल आपोआप चालते, कुठं थांबते, हे बघत जा, चढ मोजायला याच्याहून चांगलं यंत्र नाही. फोनमधल्या उंचीच्या आलेखाचा उपयोग होतो, पण पूल आणि भुयारी मार्ग त्याला बरेचदा दिसत नाहीत, कारण त्यातली उंची बहुतेकदा वरून उपग्रहाने किंवा अंतराळयानाने मोजलेली जमिनीची असते. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब चालवा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि बिनगिअरची सायकल असेल तर मिस्त्रीला सांगून मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, बदलून घ्या, १८ दात्यांच्या जागी २२ दात्यांचं टाकलं की चढावर जवळपास पाचवा हिस्सा जोर कमी लागतो. सपाटीला पाय जरा भराभर मारावे लागतात एवढंच. खर्च किरकोळ आहे. माझ्या सायकलला मी ते केलं आणि गिअरची सायकल घ्यायचा विचार पुढं ढकलला.

आता राहिला पावसाळा. पहिल्या मोठ्या पावसात साताऱ्याच्या आतल्या कच्च्या पट्ट्यात काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं थांबतं, गेल्या वर्षी दोनदा सायकल खांद्यावर घ्यायची वेळ आली. डांबरी रस्त्याने जावं तर परत बायपास. परवा भाजीवाल्या काकांना हे सांगितलं तर ते जरा वेळ विचार करून म्हणाले, "हाय ना ताई एक गल्ली, मुरमाची हाय, चिखल होत नाही, पर एका ठिकाणी नाला लागतो." मेथी घेऊन मी पिशवीच्या मागच्या बाजूला त्या गल्लीच्या खुणा लिहून घेतल्यात, पिठाची गिरणी, निळी टाकी, मग उजवीकडे. या रविवारी सकाळी सहाला जाऊन तो नाला बघणार आहे. नमस्कार.