मिर-१२२चं दुहेरी वागणं

नमस्कार मंडळी. कार्यवाह मला म्हणाले, गुहागरात विज्ञानाच्या व्याख्यानाला माणसं येतात, फक्त शेवटी ‘मग आम्ही खायचं काय?’ एवढं विचारतात. जरूर विचारा. त्याआधी मला एका रेणूबद्दल बोलू द्या. त्याचं नाव मिर-१२२. मायक्रोआरएनए नावाच्या रेणूंपैकी हा एक, आणि यकृताचा खास.

आपल्या बहुतेक सगळ्या पेशींमध्ये डीएनए एकच असतो. तरी यकृताची पेशी यकृतासारखी वागते आणि डोळ्यातली डोळ्यासारखी, कारण कुठला जनुक किती चालवायचा हे जागेवर ठरतं. जनुकावरून संदेशाची प्रत निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो त्या प्रतीच्या शेपटाकडे, जिथे त्याची सहा-सात अक्षरं जुळतात तिथे बसतो. मग ती प्रत लवकर मोडते किंवा तिच्यावरून प्रथिन कमी बनतं. सुपारीच्या बागेत शिपणं करताना आपण पाटात मातीचं ढेकूळ लावतो. विहिरीवरचा पंप चालूच असतो, पण पुढच्या कित्येक आळ्यांचं पाणी घटतं. मायक्रोआरएनएचं काम साधारण असं असतं. एकाच मायक्रोआरएनएचा परिणाम शेकडो संदेशांवर होतो, प्रत्येकावर थोडाथोडा.

हे सापडलं एका किड्यात. सी. एलिगन्स नावाचा, एक मिलिमीटर लांबीचा. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी त्यातल्या लिन-४ या पहिल्या मायक्रोआरएनएचं काम दाखवून दिलं. तेव्हा बहुतेकांना वाटलं, ही त्या किड्याचीच काहीतरी खासियत असणार. २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ सापडला, आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांत आहे हे कळल्यावर सगळे जागे झाले. दोघांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आता यकृत. प्रौढ यकृतात जेवढे मायक्रोआरएनए असतात, त्यातला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२चा. बाकीच्या अवयवांत तो जवळजवळ नाहीच. एवढी सत्ता एका रेणूकडे आहे म्हटल्यावर विषाणूचं लक्ष तिकडे जाणारच. २००५ साली असं आढळलं की हिपॅटायटिस सीच्या विषाणूला वाढण्यासाठी मिर-१२२ लागतोच. तो विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला दोन ठिकाणी जाऊन बसतो आणि त्याला मोडू न देता सांभाळतो. म्हणजे नेहमीच्या कामाच्या बरोब्बर उलट.

मग साहजिकच विचार आला, मिर-१२२लाच अडवलं तर? मिराविर्सेन नावाचं इंजेक्शन तयार झालं. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: डोस वाढवला तसा रुग्णांच्या रक्तातला विषाणू घटत गेला. कल्पना बरोबर निघाली. पण त्याच सुमारास विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आल्या. आज बारा आठवडे गोळ्या घेऊन हिपॅटायटिस सीचे पंचाण्णव टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात, त्यामुळे हे इंजेक्शन मागे पडलं.

ते मागे पडलं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. २०१२ मध्ये दोन गटांनी मिर-१२२ नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी. रिपोर्ट हातात आला तर आपण पेढे वाटू. यकृत मात्र चरबीनं भरलेलं, मग सूज, मग तंतुमयता म्हणजे तंतू साचून कडकपणा, आणि वय वाढलं तशा कर्करोगाच्या गाठी, नरांमध्ये जास्त. विषाणू ज्याचा आधार घेतो, तोच रेणू यकृताला कर्करोगापासून वाचवतो. औषधाचे ते डोस थोड्या आठवड्यांचे होते, उंदरांत मिर-१२२ जन्मभर नव्हता, हा फरक विसरू नका.

माणसांतही यकृताच्या अनेक गाठींत मिर-१२२ बराच घटलेला दिसतो. जिथे तो घटतो तिथे गाठ जास्त आक्रमक असण्याचा कल असतो. मला यातला खरा मुद्दा हा वाटतो: पेशीला यकृताची पेशी म्हणून राखणारी जी यंत्रणा आहे, तिचा हा भाग आहे. एचएनएफ४-अल्फा नावाचं प्रथिन मिर-१२२चं उत्पादन चालू ठेवतं. ती पकड सुटली की पेशी आपलं मूळ काम सोडून नुसती वाढत सुटते. ‘वाईट जनुक जागा झाला’ एवढ्यावर कर्करोगाची गोष्ट संपत नाही. चांगली शिस्त सुटणं हाही त्याचाच भाग आहे.

हिपॅटायटिस बीचं गणित मात्र वेगळं. मिर-१२२ त्या विषाणूला आवर घालतो, आणि बीची लागण झालेल्या यकृतात मिर-१२२च कमी झालेला आढळतो. शिवाय बीचा डीएनए आपल्या डीएनएमध्ये घुसून बसू शकतो, म्हणून यकृत आकसून कडक होण्याआधीही कर्करोग होऊ शकतो.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे कावीळ झाली की माळ घालतात. माळ लांबत जाते आणि माणूस बरा होतो. पाण्यातून येणारी ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जातेच, श्रेय माळेला. माझी तक्रार माळेबद्दल नाही. बीची तपासणी राहून जाते, ही आहे. आईकडून जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत बी कायमचा राहतो, आणि बहुतेकदा डोळे कधी पिवळेही होत नाहीत.

पुढे जाऊ. काही मायक्रोआरएनए गाठीत वाढलेले असतात. मिर-२१ हा त्यातला नावाजलेला. तो पेशींच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या पीटीईएन या प्रथिनाला दाबतो. २००९ मध्ये एका गटानं उंदरांच्या यकृतातल्या गाठींत घटलेला मिर-२६ए निरुपद्रवी विषाणूच्या मदतीनं परत पोचवला आणि गाठींची वाढ रोखली. मग माणसांत प्रयत्न झाला तो मिर-३४ए हा दुसरा मायक्रोआरएनए बाहेरून देण्याचा. एमआरएक्स-३४ हे माणसाला दिलेलं अशा प्रकारचं पहिलं औषध. २०१३ साली चाचणी सुरू झाली, यकृताच्या कर्करोगाचे रुग्णही त्यात होते, एखाद्याची गाठ आटलीही. पण रोगप्रतिकारशक्ती भडकून गंभीर दुष्परिणाम झाले, मृत्यू झाले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. शेकडो संदेशांवर एकदम हात ठेवणारं औषध हवं त्याच पेशीत आणि हवं तेवढंच पोचवणं, अडचण तिथे आहे. वर्तमानपत्रात ‘कर्करोगावर रामबाण’ असं छापून येतं तेव्हा ही ओळ सहसा गाळलेली असते.

एक ताई मघाशी चिठ्ठी पाठवून विचारतायत, रक्त तपासून कर्करोग कळेल का? मायक्रोआरएनए रक्तात बऱ्यापैकी टिकतात, ही मोठी सोय आहे. २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी बीच्या रुग्णांमध्ये सात मायक्रोआरएनएंच्या गटावरून कर्करोग ओळखता येतो असं दाखवलं. पण मिर-१२२ रक्तात वाढला तर तो गाठीमुळे की साध्या सुजेमुळे, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही; यकृताच्या पेशी दुखावल्या की तो रक्तात सांडतोच. आणि नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातले मिर-४५१ आणि मिर-१६ येऊन हिशेब बिघडवतात. इथून घेतलेली नळी उन्हात घाटावरून मुंबईला जाणार असेल तर तुम्हीच विचार करा. म्हणून अशा रक्ततपासणीच्या पॅकेजची जाहिरात दिसली तर सध्या पैसे राखून ठेवा.

आणि खायचं काय? ओल्या नारळाचं पीक आहे, मासे आहेत, तक्रार नाही. पण पावसाळ्यात बुरशी आलेलं सुकं खोबरं किंवा शेंगदाणे पुसून वापरू नका, फेकून द्या. ॲस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजल्यानंही पुरतं जात नाही, आणि ज्याला बी आहे त्याच्या यकृतावर त्याचा मारा कितीतरी पटीनं जड पडतो. दारूचं सांगायला नको. सोनोग्राफीत ‘लिव्हरला चरबी’ आली तर वजन आणि साखर बघा.

ज्यांना बी आहे किंवा यकृत कडक झालंय, त्यांच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल तर ती चुकवू नका. बी आणि सीची तपासणी आणि औषधं २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. घरात एकाला बी निघाला तर भावंडांची, नवरा-बायकोची, मुलांचीही करून घ्या. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांत बीची पहिली लस. तैवाननं १९८४ मध्ये बी असलेल्या आयांच्या बाळांपासून सुरुवात करून १९८६ पासून सगळ्या बाळांना ती दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला, एकही मायक्रोआरएनए न मोजता. आता पुढची चिठ्ठी द्या.