काचबिंदूचा स्कॅन: कागदावरचा लाल रंग कसा वाचायचा

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फायलीत ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचा रंगीत कागद असेल. आज त्या कागदाबद्दलच बोलू.

हे यंत्र डोळ्यात प्रकाश सोडतं. पडद्याच्या थराथरांवरून तो परत येतो आणि त्यावरून थरांची जाडी कळते. या तंत्रावरचा पहिला शोधनिबंध 1991 साली अमेरिकेतून आला. आजची यंत्रं पाचेक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा टिपतात. काचबिंदूत डोळ्याच्या नसेत जाणारे तंतू मरत जातात, त्यामुळे त्यांचा थर पातळ होतो. निरोगी माणसात त्याची सरासरी जाडी साधारण 90 ते 100 मायक्रॉन असते. मोजमापाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण रंग बघून निकाल लावतो त्याबद्दल.

हे रंग म्हणजे काय? कंपनीनं काही निरोगी माणसांचे डोळे मोजून ठेवलेले असतात. तुमच्या वयाच्या निरोगी माणसांतल्या सगळ्यात पातळ एक टक्क्यात तुम्ही बसलात की लाल, एक ते पाच टक्क्यांत पिवळा, त्याच्या वर हिरवा. म्हणजे ठणठणीत माणसांतही शंभरात एकाला लाल येणार, हे हिशेबातच धरलेलं आहे. त्यातून कागदावर एक आकडा नसतो. सरासरी असते, चार भाग असतात, शिवाय नसेभोवतीच्या गोलाचे घड्याळाच्या तबकडीसारखे बारा भाग, आणि हे सगळं दोन्ही डोळ्यांचं. इतक्या खणांत एखादा लाल निघाला, तर त्याचं मला फार नवल वाटत नाही.

आणि ही निरोगी माणसं होती तरी कोण? सिरस या बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या यंत्राच्या मूळ संचात ती 284 होती. त्यात युरोपीय वंशाची 122, चिनी 63. भारतीय नावापुरतेच.

आता कागदावरचा आलेख बघा. नसेच्या भोवती गोल फिरून मोजलेली जाडी तिथे सरळ रेषेत उलगडलेली असते. वर आणि खाली तंतूंचे जाड जुडगे असतात, म्हणून उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसतात. ज्यांचा चष्मा मोठ्या उणे नंबरचा आहे, त्यांचा डोळा लांब असतो आणि ते जुडगे कानाच्या बाजूला सरकलेले असतात. उंचवटा शाबूत असतो, फक्त यंत्राला अपेक्षित असलेल्या जागी नसतो. यंत्र तिथे उतार बघतं आणि लाल रंग देतं. आलेख न बघता नुसते रंग वाचले, तर अशा माणसाला उगाच जन्मभराचे थेंब लागतात. तसंच कागदाच्या वरच्या बाजूला सिग्नलचा आकडा असतो, दहापैकी. सिरसवर तो 6 च्या खाली असेल तर पुढचं वाचूच नये. पिकलेला मोतीबिंदू, कोरडा डोळा यांनीही थर आहे त्याहून पातळ दिसतो.

उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. एखाद्याचा थर मुळात 115 मायक्रॉनचा. तो 92 वर आला तरी सरासरी हिरवीच. एवढे तंतू गेले, आणि कागद म्हणतो सगळं छान.

मग अचूकता किती? जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 106 अभ्यास, सोळा हजारांवर डोळे एकत्र तपासले गेले. ढोबळमानानं सांगायचं तर, शंभर निरोगींपैकी पाचच जणांवर खोटा संशय येईल अशी मर्यादा ठेवली, तर शंभर रुग्णांपैकी सत्तरेक सापडतात.

वाचायला बरं वाटतं. आता हेच आकडे घेऊन शिबिराला जाऊ. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या पाहणीत चाळिशीपुढच्या लोकांत काचबिंदू 2.6 टक्के निघाला. हजार माणसं आली तर 26 रुग्ण. त्यांतले 18 सापडतील, 8 हातून जातील. उरलेल्या 974 निरोगींपैकी 49 जणांवर खोटा ठपका येईल. म्हणजे ज्या 67 जणांना ‘तुम्हाला काचबिंदू असेल’ म्हणून धास्ती घातली, त्यांत खरे रुग्ण अठराच! म्हणून ‘सरसकट सगळ्यांचं ओसीटी करा’ या उत्साहाला माझा विरोध आहे.

हे आकडेही थोडे गुलाबीच आहेत. बऱ्याच अभ्यासांत एका बाजूला उघड रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला अगदी निरोगी माणसं घेतलेली असतात. खरा घोळ मधल्यांचा असतो. ब्रिटनमध्ये संशयावरून रुग्णालयात पाठवलेल्या नऊशेवर लोकांवर ओसीटी पारखलं, तेव्हा 77 टक्के रुग्ण सापडले, पण निरोगींना निरोगी ठरवण्याचं प्रमाण 79 टक्क्यांच्या आसपास उतरलं.

शिवाय नसेचा हा स्कॅन डोळ्याचा दाब सांगत नाही. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन बंद आहे की उघडा, हेही सांगत नाही. आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदू कमी नाही, आणि त्यासाठी आरशाचं भिंग डोळ्याला लावूनच बघावं लागतं. आजार पुढे गेला की जाडी 50-55 मायक्रॉनवर येऊन अडकते, कारण मागे रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी उरतात. तिथून पुढे फील्ड टेस्टच, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणीच कामाची.

एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘मग हा स्कॅन करायचा की नाही?’ काकू, डॉक्टरांना नस बघून शंका आली असेल तर जरूर करा. त्याचा खरा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी होतो, कारण तेव्हा तुमची तुलना तुमच्याशीच होते. मात्र दर वेळी त्याच कंपनीच्या यंत्रावर करा. एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. एकदा चार-पाच मायक्रॉन कमी दिसले म्हणून घाबरू नका, तेवढा फरक लागोपाठ केलेल्या दोन स्कॅनमध्येही पडतो. आणि डॉक्टर बदललात तर जुना मूळ कागद सोबत न्या, काळीपांढरी झेरॉक्स नको.