किती मिली?

(दृश्य : औषधाच्या दोन बाटल्या, शेजारी बिनसुईची सिरिंज)

दोन्ही बाटल्यांत पॅरासिटामॉलच आहे. एकीत ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीला २५०. दहा किलोच्या बाळाला तापात एका वेळी १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर पहिलीतून ६ मिली, दुसरीतून ३. हिशेब तसा सोपा. पण रात्री अकराला बाळ फणफणलेलं असतं आणि हाताशी असतो चहाचा चमचा.

वडोदऱ्यातल्या या मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर रावपुऱ्याच्या, घरात मराठी. समोरची आजी छोटा उदेपूरकडची, राठवी बोलणारी. दोघींच्या मध्ये गुजराती, आजीची जेमतेम.

(दृश्य : कार्ड जवळून)

म्हणून हे कार्ड. त्यावर सिरिंजचं चित्र, अगदी खऱ्या मापाचं. बाळाचं वजन बघून सिस्टर त्यावर लाल रेघ मारतात. आजीनं सिरिंज चित्रावर ठेवायची आणि रेघेपर्यंत औषध ओढायचं. वरच्या कोपऱ्यात बाटलीच्या लेबलचा फोटो, कारण बाटली बदलली की कार्ड रद्द. झेरॉक्सवाल्याला मात्र बजावावं लागतं, ‘साइज कमी करू नका’. चित्र जरा आखडलं की माप गेलंच.

कार्ड काढणारी मुलगी फाइन आर्ट्सला शिकलेली. तिनं बाण मुद्दाम टाळलेत. राठवांच्या घरात भिंतभर पिठोरा असतो, घोड्यांच्या रांगाच्या रांगा. चित्र कसं बघायचं हे त्यांना आपण काय शिकवणार! पण ‘आता इकडे बघा’ सांगणारा बाण ही छापील पुस्तकातली खूण. तीन वेळच्या औषधाला सूर्यही नाही. सकाळचा कुठला, दुपारचा कुठला? त्याऐवजी चहा, रोटला, खाट.

दुखणं सांगायला चेहऱ्यांची पट्टी आहे. वाँग-बेकर यांच्या १९८३च्या पट्टीत शेवटचा चेहरा रडतो. २००१च्या सुधारित ‘फेसेस पेन स्केल’मध्ये हसूही नाही, आसवंही नाहीत. आम्हाला हीच बरी वाटते. खूप दुखत असलं की काही पोरं रडत नाहीत, गप्प पडून राहतात.

(दृश्य : आजी आणि सिस्टर)

‘समजलं का?’ असं सिस्टर विचारतच नाहीत. त्याचं उत्तर ठरलेलं, ‘हा बेन.’ त्या म्हणतात, “बा, भरी बतावो.”

आजी औषध ओढतात. रेघ बरोब्बर, पण आत भलामोठा बुडबुडा. तेवढं औषध कमी. कार्डावर बुडबुड्याचं नावही नाही. सिस्टर सिरिंज उभी धरून टिचकी मारायला शिकवतात, आणि मुलगी वहीत लिहून घेते : पुढच्या छपाईत बुडबुडा.