सांधा नेमका कुठे निखळला?

मित्रहो, अनधिकृत अपडेटनंतर सुरू न होणारा संगणक घेऊन माणूस येतो, तेव्हा त्याच्या पहिल्याच वाक्यात बहुधा अपराधीपणा असतो. ‘मीच नको ते करून बसलो’, असे तो म्हणतो. मला हे वाक्य मान्य नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. प्रोसेसर शाबूत आहे, स्क्रीन स्वच्छ आहे, कीबोर्डची एकही कळ हललेली नाही, आणि तरीही निर्मात्याच्या यादीतून त्या मॉडेलचे नाव गळाले म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात, ब्राउझर जुना पडतो, रोजच्या वापरातली संकेतस्थळे एकेक करून उघडेनाशी होतात. अशा वेळी ओपनकोर लेगसी पॅचरसारख्या साधनाने जुन्या मॅकवर मॅकओएस या ॲपलच्या प्रणालीची नवी आवृत्ती बसवणे, किंवा तपासणीच्या अटी वगळून जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकणे, हा चांगल्या यंत्राचे आयुष्य वाढवण्याचा प्रयत्न आहे. तो फसला तर त्यातून सावरायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

पॉवरचे बटण दाबल्यापासून तुमचा डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणकात काम हातोहात पुढे दिले जाते. आधी फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये कायम असलेला प्रोग्राम, जागे होते. ते डिस्क शोधून बूटलोडरला, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, हाक मारते. बूटलोडर कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या मुख्य प्रोग्रामला, स्मृतीत आणून बसवतो. कर्नल ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम, उभे करतो. आणि सर्वांत शेवटी पासवर्ड विचारणारा पडदा येतो. अनधिकृत अपडेट या साखळीत एक-दोन ठिकाणी जोडकाम करते, आणि संगणक अडतो तो जवळपास नेहमी त्या जोडकामाच्या जागीच. यंत्र मेलेले नसते, सांधा निखळलेला असतो. तो नेमका कुठे निखळला हे न पाहता सगळी प्रणाली पुन्हा टाकायला घेणे म्हणजे खांदा निखळला म्हणून सगळा हातच प्लास्टरमध्ये घालण्यासारखे आहे. पुष्कळदा तर माहिती कायमची जाते ती बिघाडामुळे नव्हे, बिघाडानंतरच्या पहिल्या तासातल्या घाईमुळे.

एक उदाहरण जवळून पाहू. एका शिक्षिकेचा २०१२ सालचा तेरा इंची मॅकबुक प्रो माझ्याकडे आला होता. या मॉडेलसाठी अधिकृत शेवटची आवृत्ती २०१९ ची कॅटलिना. त्यावर पॅचरच्या मदतीने मॉन्टेरी ही पुढची आवृत्ती बसवलेली होती आणि ती काही आठवडे विनातक्रार चालली होती. एके सकाळी लॅपटॉप उघडला, तर करड्या पडद्यावर वर्तुळ आणि त्यावर तिरकी रेघ. हे मनाईचे चिन्ह फार बोलके आहे. डिस्क सापडली नसती, तर प्रश्नचिन्ह असलेले फोल्डर दिसले असते. मनाईचे चिन्ह सांगते की डिस्क सापडली आहे, तिच्यावर प्रणालीही आहे, पण ही प्रणाली या मॉडेलसाठी नाही. म्हणजे डिस्क तुटलेली नव्हती आणि त्या शिक्षिकेच्या वर्गाची सगळी टिपणे अजून जागच्या जागी होती. त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या खुर्चीत टेकल्या. तोवर त्या उभ्याच होत्या.

ऑप्शन कळ दाबून धरून मी लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडद्यावर डिस्कचे एकच चित्र आले. शेजारी ‘ईएफआय बूट’ या नावाचे दुसरे चित्र दिसायला हवे होते, ते नव्हते, आणि त्या एका अनुपस्थितीत निदान झाले. ओपनकोर हा बूटलोडर फर्मवेअर आणि मॅकओएस यांच्या मधोमध उभा राहतो आणि हे मॉडेल चालण्याजोगे आहे असे प्रणालीला पटवतो. तो साधारण २०० एमबीच्या एका छोट्या, एरवी नजरेआड असणाऱ्या विभागात राहतो. हा विभाग पेनड्राइव्हवरही असतो आणि लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरही. प्रणाली बसवताना ओपनकोर पेनड्राइव्हवर होता, आणि नंतर तो आतल्या डिस्कवर घ्यायचा राहून गेला. पेनड्राइव्ह पोर्टमध्ये खोचलेला होता तोपर्यंत सगळे ठीक चालले. आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणीतरी तो काढून, पुसून, त्यावर फोटो भरले होते.

उपाय पाऊण तासाचाही नव्हता. दुसऱ्या मॅकवर पॅचर उघडून नव्या पेनड्राइव्हवर ओपनकोर तयार केला. इथे एक ठेच हमखास लागते, तेव्हा ती सांगून ठेवतो. पॅचर ज्या संगणकावर चालत असतो, त्याच मॉडेलसाठी ओपनकोर बनवतो, आणि आपल्याला हवा असतो समोरच्या आजारी लॅपटॉपसाठी. सेटिंग्जमध्ये जाऊन लक्ष्य मॉडेल बदलावे लागते. या लॅपटॉपसाठी ते ‘मॅकबुकप्रो ९,२’ असे आहे. हे न बदलता केलेला पेनड्राइव्ह दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि चालत नाही. मग तो पेनड्राइव्ह लावून, ऑप्शन दाबून, ‘ईएफआय बूट’ निवडताना कंट्रोल कळ दाबून ठेवली, म्हणजे हीच निवड पुढेही कायम राहते. लॅपटॉप सुरू झाला, आणि मी पहिले काम केले ते ओपनकोर आतल्या डिस्कवर बसवण्याचे.

आता थोडे मागे येतो, कारण या सगळ्याच्या आधी एक काम केले होते. लॅपटॉपला हात लावायच्या आधी त्यातली माहिती बाहेर काढली होती. इंटेल प्रोसेसरचा असा जुना मॅक टी कळ दाबून धरून सुरू केला, की तो स्वतः बाहेरच्या हार्ड डिस्कसारखा वागू लागतो. थंडरबोल्टच्या केबलने दुसऱ्या मॅकला जोडायचा आणि फाइली उतरवून घ्यायच्या. या सोयीला मॅकओएस चालू असण्याची गरज नसते, फर्मवेअर शुद्धीवर असले की पुरते. पीसीच्या बाबतीत लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता ज्यावरून लिनक्स ही प्रणाली थेट चालते तो, हेच काम करतो. त्यातून डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. डिस्क मॅकच्या फाइलव्हॉल्टने किंवा विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पासवर्ड किंवा पुनर्प्राप्तीची किल्ली हाताशी हवी. बिटलॉकरची किल्ली ४८ अंकी असते, आणि बूटची घडी बदलली की तो ती नेमक्या अडचणीच्या वेळी मागतो. ती किल्ली त्याच संगणकात जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी फार काही करता येत नाही.

माहिती आधी, दुरुस्ती नंतर, हा क्रम मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एक मॅक असाच अडला, आणि मी शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर या चार कळा एकत्र दाबून इंटरनेटवरून पुनर्प्राप्ती, म्हणजे प्रणाली दुरुस्त करण्याचे किंवा पुन्हा बसवण्याचे साधन, मागवली. या कळांनी मॅकसोबत मुळात आलेली आवृत्ती, किंवा तिच्या जवळची उपलब्ध असलेली, उतरते. त्या यंत्रासाठी ती बरीच जुनी होती. डिस्कवर मात्र एपीएफएस ही फाइल रचना होती, जी मॅकवर २०१७ च्या हाय सिएरासोबत आली. जुन्या डिस्क युटिलिटीला, म्हणजे पुनर्प्राप्तीतल्या डिस्क हाताळणाऱ्या साधनाला, ती ओळखताच येत नाही. तिला दिसते ते एक नाव नसलेले, न वाचता येणारे क्षेत्र. मी समजलो की डिस्क बिघडली आहे, आणि ‘पुसा’ हे बटण दाबले. डिस्क धडधाकट होती. वाचणारे साधन जुने होते. तो संगणक ज्यांचा होता, त्यांचे चार वर्षांचे हिशेब त्यात होते आणि प्रत कुठेच नव्हती. अनोळखी दिसणारी डिस्क रिकामी नसते, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही. म्हणून पुनर्प्राप्ती निवडताना ती डिस्कवरच्या रचनेइतकी तरी नवी आहे ना, हे पाहावे. ऑप्शन, कमांड आणि आर या तीन कळांनी त्या मॉडेलला चालणारी सर्वांत नवी आवृत्ती येते. मूळ फर्मवेअर फार जुने असेल तर तेही होत नाही, आणि मग दुसऱ्या मॅकवर बनवलेला इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हच उपयोगी पडतो.

सांधा बूटलोडरच्या पुढेही निखळतो. सफरचंदाचे चिन्ह येते, खालची पट्टी भरत जाते आणि अर्ध्यावर किंवा अगदी शेवटाशी थबकते. म्हणजे फर्मवेअरने काम केले, बूटलोडरने केले, कर्नल उठला आणि अडखळला तो ड्रायव्हरपाशी. यातही संशयित बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर. २०१२ च्या लॅपटॉपमधले इंटेल एचडी ४००० हे ग्राफिक्स घ्या. मॉन्टेरीत ॲपलने त्याचे ड्रायव्हर काढून टाकले. पॅचर ते जुन्या आवृत्तीतून आणून प्रणालीच्या गाभ्यात बसवतो, आणि याला रूट पॅच म्हणतात. पण २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून प्रणालीचा हा गाभा मोहोरबंद स्नॅपशॉटच्या, म्हणजे गोठवून ठेवलेल्या प्रतीच्या, स्वरूपात असतो. पॅच लावला की मोहोर तुटते. पुढचे अपडेट आले की गाभा नव्याने मांडला जातो आणि पॅच पुसले जातात. म्हणून ‘रात्री आपोआप अपडेट झाले आणि सकाळपासून मशीन मेल्यासारखे चालते आहे’, ही तक्रार वारंवार येते. अशा वेळी लॅपटॉप सुरू झालेला असतो, पण खिडकी सरकवायलाही काही क्षण लागतात, पडदा लुकलुकतो, आणि नव्या आवृत्त्यांवर कधी कधी वायफायही गायब झालेले असते. पॅच पुन्हा लावायचे आणि पुन्हा सुरू करायचे, एवढाच त्यावर इलाज आहे. या लॅपटॉपला केबलचे इथरनेट पोर्ट आहे, ते अशा प्रसंगी फार कामाला येते.

पट्टी मात्र खरोखरच अडकून पडली असेल, तर ओपनकोरच्या यादीत डिस्क निवडताना शिफ्ट दाबून धरावी, म्हणजे सेफ मोड सुरू होतो. त्यातून पॅचर उघडून रूट पॅच मागे घेता येतात. सेफ मोडही उघडत नसेल, तर पुनर्प्राप्तीच्या टर्मिनलमधून, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीतून, ब्लेस या आदेशाने शेवटच्या मोहोरबंद स्नॅपशॉटकडे परत जाता येते. मला ही सोय या सगळ्या रचनेतली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. ज्या मोहोरेमुळे पॅच टिकत नाहीत, तीच मोहोर मूळ, न बदललेला गाभा जपूनही ठेवते, आणि तुमच्या फाइली तर वेगळ्याच विभागात असतात, त्यांना कुणी हात लावलेला नसतो.

विंडोजकडे वळताना एक फरक लक्षात घ्यायला हवा. विंडोज ११ च्या अधिकृत अटींपैकी टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची अट केवळ तपासणीपुरती आहे. ती वगळली तरी प्रणाली चालते. पण २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरकडे पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा, असाव्या लागतात, आणि ही अट कागदावरची नाही. त्या सूचना प्रणालीच्या गाभ्यातच वापरलेल्या आहेत. इंटेलच्या कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या पिढीत त्या नाहीत, म्हणून तिथे ही आवृत्ती कितीदाही टाकली तरी सुरू होणार नाही. अशा संगणकावर दुरुस्तीत दिवस घालवू नये, माहिती काढून घ्यावी आणि मागच्या आवृत्तीवर किंवा लिनक्सवर यावे. बाकी संगणकांवर सलग दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. त्यातून मागच्या आवृत्तीकडे परतायचा मार्ग साधारण दहा दिवस खुला असतो, आणि तोपर्यंत डिस्कवरचे विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर जागा अडवते म्हणून काढू नये.

काही वेळा अपडेट हे केवळ निमित्त असते. जुन्या पीसीच्या बोर्डावर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि सॉफ्टवेअरची खरेपणाची डिजिटल प्रमाणपत्रे नाकारली जातात. मॅकबुकमध्ये मुख्य बॅटरी पूर्ण उतरल्यावर असेच होते. मग इन्स्टॉलर ‘खराब’ असल्याची सूचना येते. टर्मिनलमध्ये तारीख नीट केली, की तोच इन्स्टॉलर बिनबोभाट चालतो. डिस्कला बोर्डाशी जोडणारी पट्टीसारखी केबलही वर्षांनुवर्षांच्या उघडझापीने दमते, आणि मोठ्या अपडेटच्या लांबलचक लिखाणात पहिल्यांदा दगा देते. डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या खोक्यात लावल्यावर व्यवस्थित वाचली गेली, तर केबल बदलून पाहावी. अनधिकृत बायोस, म्हणजे पीसीचे फर्मवेअर, टाकताना वीज गेली असेल, तर मात्र सांधा साखळीच्या पहिल्याच कडीत निखळलेला असतो. तिथे बोर्डावरच्या आठ पायांच्या चिपवर प्रोग्रामर या उपकरणाने मूळ फर्मवेअर पुन्हा लिहावे लागते, आणि ते काम ज्याला येते त्याच्याकडेच सोपवावे.

त्या शिक्षिकेच्या लॅपटॉपवर मी शेवटी तीन कामे केली. अपडेट आपोआप होणे बंद केले. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती उघडते ना, हे दुसऱ्या संगणकावर त्यांच्यादेखत पाहिले. ओपनकोरचा पेनड्राइव्ह एका पाकिटात घालून, त्यावर मॉडेलचा क्रमांक आणि ‘पुसू नये’ असे लिहून, ते चार्जरच्या पिशवीत ठेवले, कारण चार्जर घरातले कुणी सहसा हरवत नाही. पुढच्या आवृत्तीवर जावे का, असे त्यांनी विचारले. त्यांचे काम मॉन्टेरीवर नीट चालत होते, पण तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले होते. म्हणून सुट्टी लागेपर्यंत थांबा, आधी प्रत ताजी करा आणि मग जा, असे मी सांगितले. सुट्टीत त्या आल्या, तेव्हा पाकीट सोबत होते.