गल्लीतला क्रूस, साल 1896

[दृश्य: संध्याकाळ. वांद्रे, रानवार. अरुंद गल्ली, कौलारू घरं, कोपऱ्यावर पांढरा क्रूस.]

रानवारमध्ये शिरलं की आधी कॅफे दिसतात. मग रंगवलेल्या भिंती, आणि त्या भिंतींना टेकून फोटो काढणारी मुलं. क्रूस दिसायला जरा थांबावं लागतं. जुनी माणसं त्याला अजून खुरीस म्हणतात.

[जवळून: चौथरा, मेण, झेंडूचा हार.]

चौथरा नीट बघा. एकदम तुळशीवृंदावनच आठवतं. वर झेंडूचा हार, खाली वितळून थिजलेलं मेण, त्यावर कालच्या उदबत्तीची राख. मुंबईतल्या अशा जुन्या क्रुसांवर कुठे हातोडा कोरलेला असतो, कुठे खिळे, शिडी, क्वचित कोंबडाही. ही सगळी येशूच्या दुःखभोगाची चिन्हं. आणि काही क्रुसांवर एक साल असतं: 1896, 1897 किंवा त्याच्या आगेमागचं.

लोक सरसकट सगळ्यांनाच 'प्लेग क्रॉस' म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. काही क्रूस त्याहून कितीतरी जुने आहेत, काही कुणाच्या नवसाचे. पण प्लेगचे जे आहेत, त्यांची गोष्ट मुंबई बंदराजवळच्या मांडवीत सुरू होते.

[दृश्य: मशीद बंदर, गोदामं, धान्याची पोती.]

सप्टेंबर 1896. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस मांडवीत एका रुग्णाला तपासतात. ताप, जांघेत गाठ. हा प्लेग आहे, असं ते जाहीरपणे सांगतात. आधी कुणाला पटत नाही. मग पटतं, आणि शहर रिकामं व्हायला लागतं. आठ लाखांवर वस्ती असलेल्या मुंबईतून 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली होती.

प्लेगचे जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडले होते. पण ते उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं ते 1898 मध्ये. मधल्या काळात सरकारनं घरं धुतली, कौलं काढली, माणसं उचलून नेली. दारावर गोल काढले जायचे. एक गोल म्हणजे त्या घरातला एक मृत्यू. गोलात तारीख.

[छायाचित्र: प्लेगच्या काळातलं मुंबईतलं घर, दारावर गोल.]

दारावर तारीख सरकार लिहीत होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर साल लोकांनी कोरलं. माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या पाड्यांमध्ये क्रूस उभे राहिले. यातले बरेचसे ईस्ट इंडियन लोकांचे, म्हणजे या मातीतल्याच, घरात मराठीची बोली बोलणाऱ्या कॅथलिकांचे.

देवळं, म्हणजे चर्च, होती की. वांद्र्यात तर टेकडीवर मोत माउली, म्हणजे माउंट मेरीचं चर्च, होतं. मग गल्लीत क्रूस कशाला? मला वाटतं, उत्तर साधं आहे. घरात आजारी माणूस असला की लांब जाता येत नाही. उंबऱ्यापासून दहा पावलांवर जाता येतं.

[ध्वनी: माळेची प्रार्थना, आधी एक आवाज, मग अनेक.]

आता त्या दहा पावलांवर काय होत असे, ते ऐका. रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. सुरुवातीचे तीन आणि पुढचे पन्नास, असे मोठ्या मण्यांमधले त्रेपन्न छोटे मणी. प्रत्येक मण्याला तीच प्रार्थना, 'नमो मरिया'. अर्धी एकजण म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे उचलतात. बाहेरच्याला हे कंटाळवाणं वाटतं. पण ज्याच्या घरातून कालच कुणाला नेलंय, त्याला स्वतःचे शब्द कुठून सुचणार? त्याला फक्त अर्धं वाक्य पुरं करायचं असतं. आवाज फुटला नाही, तर शेजारी पुरं करतात.

त्या दुसऱ्या अर्ध्यात शेवटी येतं: आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. एरवी 'आता' आणि 'मरणाची वेळ' यांत बरंच अंतर असतं. त्या हिवाळ्यात नव्हतं.

चर्चच्या संतांच्या लितानीत, म्हणजे एकानं म्हणायच्या आणि सगळ्यांनी उत्तर द्यायच्या विनवण्यांत, तर या संकटाला जागा आधीपासूनच राखलेली होती. लॅटिन ओळ आहे: आ पेस्ते, फामे एत बेल्लो. मरीपासून, दुष्काळापासून, युद्धापासून. आणि सगळ्यांचं उत्तर: लिबेरा नोस, दोमिने. प्रभू, आम्हाला सोडव. 'का' हा प्रश्न या ओळीत नाही. बायबलच्या स्तोत्रांत तोही आहे, चांगला ठणकावून विचारलेला. इथे फक्त 'सोडव'.

[दृश्य: भायखळा, रस्त्यावरची वर्दळ.]

माथारपाखाडीजवळच्या भायखळ्यात त्याच दिवसांत जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. एकीकडे लस, एकीकडे माळ, असा सामना आपण आज लावतो. तो तेव्हाच्या गल्लीत लावता आला असता असं मला वाटत नाही. पुढे लस मिळाली तेव्हाही माळ खाली ठेवायचं काही कारण नव्हतं.

मग प्रार्थनेनं प्लेग गेला का? नाही. तो पुढे वीसहून अधिक वर्षं येत राहिला. क्रुसासमोर उभी राहिलेली माणसंही गेली असणारच.

[दृश्य: पुन्हा रानवार. दिवेलागण.]

2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे चर्चची दारं बंद झाली. त्या वर्षी मोत माउलीची जत्राही भरली नाही. लोक घरात मोबाइलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बघत होते. क्रूस मात्र उघड्यावरच होते, त्यांना दारच नव्हतं.

आजही, विशेषतः मे महिन्यात, अशा क्रुसांसमोर लादीन, म्हणजे एकत्र म्हटलेली प्रार्थना, होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या गल्लीत मांडल्या जातात. मोटरसायकलवाला थांबतो, इंजिन बंद करतो, कुणीतरी खुर्ची सरकवून त्याला वाट देतं. शेवटी उकडलेले चणे वाटले जातात, कागदाच्या पुडीत, ओळखी-अनोळखी सगळ्यांना.

[ध्वनी: एक आवाज अर्धी ओळ म्हणतो. क्षणभर शांतता. मग गल्ली उत्तर देते.]