टाउन हॉलच्या पोटातून गेलेली शीव

[दृश्य: टॉडमॉर्डनचा टाउन हॉल. कॅमेरा खांबांवरून हळूहळू वर.]

इंग्लंडच्या उत्तरेला, पेनाइन डोंगररांगेतल्या एका चिंचोळ्या दरीत टॉडमॉर्डन वसलंय. गिरण्यांचं गाव. गावाच्या ऐन मध्यात हा टाउन हॉल, 1875 सालचा.

जरा वर बघा. खांबांच्या माथ्यावर, छपराच्या त्रिकोणात दगडात कोरलेल्या दोन स्त्रिया आहेत. डावीकडची लँकेशायर, तिच्या बाजूला कापसाची सूतकताई आणि विणकाम. उजवीकडची यॉर्कशायर, तिच्या बाजूला लोकर, यंत्रं, शेती.

दोघी एकाच चौकटीत आहेत, कारण या इमारतीखालून वॉल्सडेन वॉटर नावाचा ओढा वाहतो. टाउन हॉल बांधला तेव्हा दोन काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रदेशांची, हद्द या ओढ्यावरच होती. म्हणजे इमारत अर्धी इकडे, अर्धी तिकडे. वरच्या दालनात नाचणारी जोडपी एका गिरकीत काउंटी ओलांडायची, असं आजही सांगतात.

[दृश्य: इमारतीखाली शिरणारं पाणी.]

शीव ठरवायला पाण्याइतकी सोपी खूण नाही. नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलला जमिनीवरून शेजारी एकच, डेव्हन. आणि दोघांमध्ये टेमर नदी. राजा ॲथेलस्टनने 936 च्या सुमारास ती हद्द ठरवली, आणि थोडेफार फेरफार सोडले तर ती आजही तीच आहे. टेमरचा उगम तिथल्या उत्तर किनाऱ्यापासून जेमतेम सहा किलोमीटरवर. तेवढी जमीन नसती तर कॉर्नवॉल बेटच झालं असतं. उलट लिंकनशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर यांची सामाईक हद्द सुमारे 19 मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही आखूड!

पण आपण टॉडमॉर्डनलाच थांबू. त्या डावीकडच्या स्त्रीजवळचा कापूस मराठी माणसाला परका नाही. इथल्या फील्डन घराण्याच्या कापूस गिरण्या होत्या. जॉन फील्डन स्वतः गिरणीमालक, तरीही कामगारांच्या बाजूने संसदेत लढला, आणि 1847 साली स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला. या टाउन हॉलला पैसा दिला तो त्याच्या मुलांनी. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि लोकांची उपासमार झाली. तेव्हा वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबई बंदरातून गासड्या लिव्हरपूलला निघाल्या.

पुढे 1888 चा कायदा आला आणि टॉडमॉर्डन सगळंच्या सगळं यॉर्कशायरात गेलं. कागदावरची रेघ सरकली. दगडातल्या दोघी होत्या तिथेच राहिल्या.

[दृश्य: सॅडलवर्थची दगडी घरं, खिडकीत यॉर्कशायरचा पांढऱ्या गुलाबाचा झेंडा.]

खरा घाव बसला तो 1 एप्रिल 1974 रोजी. नव्या कायद्याने सॅडलवर्थ यॉर्कशायरमधून काढून ग्रेटर मँचेस्टरला जोडलं, बार्नोल्ड्सविक लँकेशायरला दिलं. हे बदल कारभारापुरते आहेत, लोकांनी आपल्या निष्ठा बदलाव्यात असा हेतू नाही, असं सरकारने सांगितलं. पण झेंडा, गुलाब, गावाच्या नावापुढे लागणारं काउंटीचं नाव, हे सगळं माणसाचं असतं. ते न विचारता बदलणं मला चुकीचंच वाटतं. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, 1 ऑगस्टचा यॉर्कशायर दिन सुरू झाला. सॅडलवर्थमध्येही तो मनापासून साजरा होतो.

जुनी हद्द सर्वांत कडवेपणाने पाळली ती क्रिकेटने. यॉर्कशायरकडून खेळायचं तर जन्म जुन्या यॉर्कशायरातच हवा, असा अनेक दशकांचा दंडक. त्यांचे नामवंत कर्णधार लॉर्ड हॉक मात्र जन्माने लिंकनशायरचे! अखेर 1992 मध्ये क्लबने पहिला परदेशी खेळाडू मैदानात उतरवला. वय वर्षं 19, घर वांद्र्याचं, नाव सचिन तेंडुलकर. ज्या काउंटीने शेजारच्या लँकेशायरात जन्मलेल्याला दार उघडलं नव्हतं, तिने मुंबईच्या पोराला आपली टोपी दिली. त्या मोसमात त्याने 1070 धावा केल्या.

[दृश्य: टॉडमॉर्डनचं मैदान, मागे हिरवे डोंगर.]

आणि टॉडमॉर्डन? कारभार वेस्ट यॉर्कशायरचा. पत्रांवरचा पोस्टकोड ओल्डहॅमचा, ओएल 14. गावचा क्रिकेट संघ लँकेशायर लीगमध्ये खेळतो. बर्नली, बेकप ही शिवेपलीकडची गावं त्याचे जुने प्रतिस्पर्धी. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी खेळाडू किटबॅगा गाडीत टाकतात, दरी चढतात आणि लँकेशायरात खेळायला जातात.